निळ्या पट्ट्याची चाकं

मुलगी बघायला जाताना मुलाकडं काय असावं, याबद्दल नानासाहेबांची मतं फार ठाम होती आणि दर दोन-तीन वर्षांनी ती बदलत असत. एके काळी ते म्हणायचे, मुलाच्या मनगटावर घड्याळ पाहिजे. मग म्हणायला लागले, खिशात मोठ्या स्क्रीनचा मोबाइल पाहिजे. हल्ली त्यांची नजर एकदम खाली, रस्त्याला टेकली होती.

"लोक चाकं बघत्यात आता," ते भाच्याला म्हणाले. "गाडी हाय एवढ्यावर भागत न्हाय. दारात गाडी थांबली की पयली नजर चाकाकडं. अलॉय असली तर बसा म्हणत्यात. लोखंडी असली तर पाणी पाजून वाटंला लावत्यात."

भाचा म्हणजे प्रसेनजित. धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायक, वय तिशी ओलांडलेलं, स्वभाव असा की दुकानदारानं दोन रंगांचे शर्ट दाखवले तर दोन्ही तिथंच ठेवून घरी येणार. आजवर त्यानं बरीच स्थळं पाहिली होती. नकार का आला, हे त्याला एकाही ठिकाणी कुणी धड सांगितलं नव्हतं. त्यामुळं मामा म्हणतात तसं ते खरंच चाकांमुळं असेल, असंही त्याला वाटे. आणि चाकांचा काय संबंध, असंही वाटे.

या वेळी मात्र हे जमावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. मुलगी तुरोरीची, नाव संघप्रिया. उमरग्याला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी. बायोडाटा मिळाल्यावर तिनं स्वतःच त्याला फोन केला होता आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं होतं, "तुम्ही अपेक्षांच्या पुढं नुसती रेघ का मारलीय?" तो म्हणाला, "काय लिहावं ते कळलं नाही." त्यावर ती हसली होती. ते हसणं त्याच्या कानात घर करून बसलं होतं. आता कुणी काही म्हणो, ही मुलगी हातची जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात स्पष्ट होतं. बाकी सगळा गोंधळ.

रविवारी सकाळी दोघं निघाले. गाडी प्रसेनजितची, पांढरी, छोटी, तिसऱ्या हाताची. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करणं त्यांना शिक्षेसारखं वाटे. तुळजापूर, नळदुर्ग मागं पडेपर्यंत ते पायानं हवेतला ब्रेक दाबत होते. उमरगा आल्यावर त्यांनी हात वर केला.

"घे डाव्या बाजूला. शरणप्पाकडं."

हायवेला लागून शरणप्पाचं आवार होतं. मोडलेल्या, विकलेल्या, कर्जात ओढून आणलेल्या गाड्या तिथं येत आणि सुट्या होऊन जात. एकीकडं नुसते दरवाजे उभे, एकीकडं काचेचे दिवे ढिगानं, पत्र्याच्या छपराखाली सीटा रचलेल्या. मधोमध एका बसच्या जुन्या बाकड्यावर शरणप्पा पान खात बसला होता. त्याची भाषा मराठी, पण वळण कानडी.

"बर्री बर्री, या या डायव्हरसायब! काय सेवा?"

"अलॉय पायजे. ह्या गाडीची. अन् हातच्या हाती बसवून."

शरणप्पानं चार-चार चाकांचे काही जोड दाखवले. एकाला चीर गेलेली, एकाची भोकं जमत नव्हती, एक जोड इतका चकचकीत की प्रसेनजितलाच लाज वाटली. मग कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्याला एक जोड दिसला. करड्या रंगाची, सरळ साध्या आऱ्यांची चाकं, आणि कडेनं गोल एक निळा पट्टा. बोटभर रुंदीचा, कुणी तरी निगुतीनं मारलेला. तो निळा म्हणजे कसला निळा, हे प्रसेनजितला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो निळा त्यानं खांद्यावर, कपाळावर, झेंड्यावर पाहिला होता. भंगारात सख्खा नातेवाईक भेटावा तसं त्याला झालं.

"मामा, ही," तो म्हणाला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यानं काही एका झटक्यात निवडलं.

मामाही खूश. "पोरीच्या दारात ही उभी ऱ्हायली की बास! गाडीच जय भीम म्हणंल."

आता भाव. शरणप्पाचे वडील जनावरांचे व्यापारी होते आणि पोरानं धंदा बदलला तरी रीत सोडली नव्हती. बैलाचा सौदा करावा तसा तो चाकांचाही सौदा करी: खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला कळू नये. शेजारी फक्त प्रसेनजितच उभा होता आणि पैसे त्याचेच जाणार होते. तो आपला टॉवेलाकडं बघत राहिला. टॉवेल हलत होता. मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग गेल्या, पुन्हा पडल्या. शरणप्पा "छे छे" म्हणाला, मामा "चल ऊठ" म्हणाले, कुणीच उठलं नाही. शेवटी दोघांनी टॉवेलाखालीच जोरात हात हलवला.

"जमलं," मामा म्हणाले. "लुटला बघ म्या त्याला. तुझी जुनी लोखंडी चाकं टायरसकट बदल्यात, अन् वर नऊ हजार."

नऊ हजार स्वस्त की महाग, हे प्रसेनजितला कळेना. मामांचा चेहरा बघून स्वस्त असावेत, असं त्यानं धरलं आणि मोबाइलवरून पैसे पाठवले. अर्ध्या तासात जुनी चाकं आवारात गेली आणि नवी, म्हणजे कुणाची तरी जुनी, गाडीखाली आली. गाडी खरोखर रुबाबदार दिसायला लागली.

"एक ध्यानात ठेव," गाडीत बसता बसता मामा म्हणाले. "जुन्या बाजारातनं घेतली म्हणून तोंडातनं काढायचं न्हाय. इज्जतीचा सवाल हाय. इचारलं तर पयल्यापासनंच हायत म्हणायचं."

"पण कोण कशाला विचारंल, मामा?"

"न्हाय इचारलं तर बेसच."

तुरोरी काही लांब नाही. गावात शिरताना चौकातली माणसं गाडीकडं बघायला लागली, तेव्हा मामांनी त्याला कोपरानं ढोसलं: बघ, काय म्हणालो होतो? माणसं नुसती बघत नव्हती, एकमेकांना दाखवत होती. पानटपरीवरचा एक जण तर उठून गाडीमागं चार पावलं आला. प्रसेनजितला बरं वाटलं. चाकांत एवढी ताकद असेल, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

संघप्रियाचे वडील शेषेराव दारातच उभे होते. पांढरा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, तोंडभर हसू. गाडी थांबली. शेषेरावांची नजर खाली गेली आणि ते हसू जागच्या जागी विझलं.

"जय भीम," मामा उतरत म्हणाले.

"जय... भीम," शेषेराव म्हणाले, पण चाकांकडं बघत.

आत बसवलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. तयारी मनापासून केलेली दिसत होती. मुलीची आई भिमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता. तांब्या ठेवताना त्यांनी सहज दाराबाहेर पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. मग आत गेल्या, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मामांनी यंदाच्या पावसाचा विषय काढला, तो कुणी उचलला नाही. सोयाबीनचा काढला, तोही तसाच पडून राहिला. बाहेर अंगणात शेजारचे दोन-तीन बाप्ये गाडीजवळ उकिडवे बसून कुजबुजत होते. प्रसेनजितनं दोनदा शर्टाची बटणं तपासली. सगळी जागेवर होती.

शेवटी शेषेरावांनी घसा खाकरला. नोकरी, पगार, शेत, भाऊ-बहीण, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "निलंग्याला कोण हायत का तुमचं?"

"निलंग्याला?" प्रसेनजितला प्रश्न कळेना. "नाही, तिथं..."

"हायत की!" मामा मध्येच म्हणाले. कुठल्याही गावात आपली ओळख नाही हे कबूल करणं एसटीच्या माणसाला कमीपणाचं वाटतं. "निलंगा तर आपलं घरच समजा. लई माणसं हायत आपली तिथं."

शेषेरावांचा चेहरा आणखी काळवंडला. "अस्सं. अन् ही चाकं? कुठनं घेतली?"

विचारलंच की यांनी! प्रसेनजितनं मामांकडं पाहिलं. मामा तयारच होते.

"ही व्हय? पयल्यापासनंच हायत. गाडी आली तीच अशी. त्यो निळा पट्टासुदिक कंपनीचाच."

शेषेराव उभे राहिले. रागावले म्हणावं तर डोळ्यांत पाणी दिसत होतं, आणि ते बघून प्रसेनजित पार गडबडून गेला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "चहा घ्या अन् निघा. आमी गरीब असू, पण दारात येऊन कुणी थट्टा केलेली खपवून घेणार न्हाय. त्याला जाऊन सांगा, काय बघायचं ते बघून आलाव म्हणून."

"कुणाला सांगायचं?" प्रसेनजितनं विचारलं.

"लई भोळं बनू नका."

मामा ताडकन उठले. "अहो, भाषा कसली ही! पोरगी दाखवायची नसंल तर तसं सांगा. ऊठ रे! ह्या घरात चहाचा घोटबी घ्यायचा न्हाय."

प्रसेनजित उठला नाही. उठावं की बसावं, हेच त्याला कळत नव्हतं. आणि एकदा त्या दारातून बाहेर पडलो की तो हसण्याचा आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नाही, एवढं मात्र कळत होतं. आजवरचे सगळे नकार त्यानं असेच, कारण न विचारता, मुकाट घरी नेले होते. हा नेववेना.

"मामा खोटं बोलले," तो म्हणाला.

मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू चालत्या गाडीत कुणी स्टिअरिंग उपटलं. पण त्याचं तोंड आता थांबेना.

"चाकं पहिल्यापासून नाहीत. आज सकाळीच घेतली, उमरग्याला, भंगारातनं. निलंग्याला आमचं काळं कुत्रंसुद्धा नाही. चाकं बघतात म्हणून घेतली. आणि तुम्ही खरंच चाकं बघितली, पण तुम्ही चिडला का ते मला कळंना झालंय. काय चुकलं तेवढं सांगा. मग जातो आम्ही."

आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. संघप्रिया बाहेर आली. हातात पोह्यांचा ट्रे नाही, डोक्यावर पदर नाही. साधा पंजाबी ड्रेस आणि चेहरा दगडासारखा. ती कुणाकडं न बघता सरळ अंगणात गेली आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी खाली बसली. उकिडवे बसलेले बाप्ये आपोआप उठून मागं सरकले. तिनं निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"ही चाकं मी घेतलेली आहेत," ती म्हणाली.

प्रसेनजित तिच्यामागं अंगणात आला होता. "तुम्ही? पण सकाळी मी..."

"तुमच्या आधी. सोलापूरला, नवी कोरी. पट्टा मीच मारून घेतला दुकानात उभं राहून. माझं लग्न ठरलं होतं निलंग्याच्या एकाशी. त्याच्या गाडीला घेतली होती." ती उठली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "लग्न मोडलं. अन् आज तुम्ही त्याच चाकांवर बसून मला बघायला आलात. वर म्हणता, गाडी आली तीच अशी. त्यानं पाठवलं का तुम्हाला? मित्र आहात त्याचे?"

आता कुठं प्रसेनजितला उलगडा झाला. पण आपल्याला माहीत नव्हतं, हे माणसानं सिद्ध कसं करायचं? माहीत असल्याचा पुरावा असतो. माहीत नसल्याचा कुठून आणणार? चौकातून आलेली माणसं कुंपणापाशी जमली होती.

"शरणप्पाकडनं घेतली," एवढंच प्रसेनजितला सुचलं. "खरंच."

"शरणप्पा? हायवेचा?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या, मोबाइल काढला. "त्याची साखर दर महिन्याला मीच तपासते. थांबा." तिनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"बोला म्याडम," शरणप्पाचा आवाज आला. "आज ऐतवारी काय? रिपोर्ट वाईट हाय की काय?"

"रिपोर्ट बरा आहे. शरणप्पा, तुमच्याकडं निळ्या पट्ट्याची चाकं होती का?"

"होती की. लई महिनं पडून होती. एक निलंग्याचा गडी टाकून गेलता, मिळंल त्या भावात. त्या निळ्या पट्ट्यामुळं कोणी हात लावत नव्हतं. पुसून रंगवणारच होतो, तवर आज सकाळी गेली बघा."

"कुणी नेली?"

शरणप्पा खदाखदा हसायला लागला. अंगणभर ते हसणं पसरलं. "काय सांगू म्याडम! एक पिकलेला डायव्हर अन् त्याचा भाचा. भाचा तर काय, द्येवमाणूस! पट्टा बघितला अन् असा पाघळला, जसं त्याचं हरवलेलं वासरू घावलं. मी टॉवेलाखाली पाच हजारावर येऊन बसलो होतो, तर म्हाताऱ्यानंच बोटं चुकवून नवावर नेला सौदा. वर मलाच लुटलं म्हणून मिशीला ताव देत गेला! पोरगी बघायला निघालेत म्हणं. त्या पोरीचं कल्याण होवो."

कुंपणापाशी कुणी तरी फस्सकन हसलं. मामांच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतके रंग आले की बघवेना. बैलाच्या बाजारातली बोटं आणि एसटीच्या हँडलवरची बोटं यांचा हिशेब वेगळा, हे त्यांना आत्ता समजत होतं. प्रसेनजितचे कान लालबुंद झाले. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव भांड्यात पडला होता. चारचौघांत मूर्ख ठरल्याचा इतका आनंद याआधी कुणाला झाला नसेल.

"आमची जुनी चाकं आहेत का अजून?" त्यानं फोनजवळ तोंड नेऊन विचारलं.

"अरे, तुमी तितंच हाव व्हय!" शरणप्पाचा आवाज दचकला. "हायत, हायत. पण एका टेम्पोवाल्यानं बघून ठेवलीत, दुपारी नेतो म्हणलाय. पायजे असली तर समोर येऊन बोला. फोनवर मी माल धरून ठेवत न्हाय." आणि त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

भिमाबाई दारात पदराचा बोळा तोंडाला लावून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत, ते कळत नव्हतं. शेषेराव खाली बघत पुढं आले. "पाव्हणं, माझं चुकलं," ते म्हणाले, आणि मामांचा हात धरून त्यांना खुर्चीकडं घेऊन गेले.

गाडीपाशी दोघंच उरली. कुंपणाबाहेरची माणसं होती, पण ती असणारच.

"लोक म्हणतात, त्यानं मोडलं," संघप्रिया हळू आवाजात म्हणाली. "मुलीत खोट असंल म्हणून मोडलं. तसं नाही. मी मोडलं. आधी त्याला चाकं पाहिजे होती. घेतली, म्हटलं हौस आहे. मग सीट कव्हर. मग गाणी वाजायची मशीन. मग म्हणाला, बंपर जुना दिसतोय. मी विचारलं, माझं लग्न तुझ्याशी आहे का गाडीशी? तर म्हणाला, तुला काय वाटायचं ते वाट. मग मला वाटलं ते मी केलं."

प्रसेनजितला वाटलं, बरं केलंत म्हणावं, तर आपण कोण म्हणणार? वाईट झालं म्हणावं, तर झालं ते चांगलंच झालं होतं.

"तुम्ही का घेतली चाकं?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

"मामा म्हणाले, मुलीकडचे चाकं बघतात."

"मी बघंन असं वाटलं तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे, कळत नव्हतं. एवढंच वाटत होतं की हे स्थळ जायला नको." तो थांबला. मग त्याच्या मनात जे घोळत होतं ते त्यानं जसंच्या तसं बाहेर काढलं. "तुम्ही नवऱ्यासाठी घेतली, मी बायकोसाठी घेतली. दोघांनी एकच चाकं घेतली आणि दोघांचेही पैसे गेले."

तिला हसू आलं. तेच ते, फोनवरचं. पण लगेच तिनं चाकांकडं पाहिलं आणि ते हसू मावळलं.

"ह्या चाकांवर बसून एक माणूस या दारातनं गेला," ती म्हणाली. "सगळा गाव बघत होता. दुसऱ्यानं त्यावरच बसून जाऊ नये, असं वाटतंय मला. खुळ्यासारखं बोलतेय, पण वाटतंय."

यात खुळ्यासारखं काय आहे, हे प्रसेनजितला समजेना. त्यानं डिकी उघडली, जॅक आणि पाना काढला आणि बाह्या वर केल्या. पहिलं चाक निघालं, दुसरं निघालं. शेषेराव धावत आले. "अहो, अहो, काय करायलाव?" तिसऱ्या चाकाला भिमाबाईंनी विचारलं, "अन् मग गाडी काय उडत जाणार?" खुर्चीवरून मामा ओरडले, "आरं गाढवा, उमरग्यापर्यंत चालवत न्हे अन् तितंच बदल की!" हे सगळं त्याला ऐकू येत होतं, बरोबरही वाटत होतं. पण संघप्रिया पहिल्या चाकापासूनच परसातून दगड आणून अॅक्सलखाली लावत होती आणि आता थांबायचं कसं, ते त्याला कळेना. चौथं चाक भिंतीला टेकवून तो उठला, तेव्हा शर्ट काळा झाला होता, गाडी दगडांवर उभी होती आणि सगळं गाव कुंपणाला रेलून बघत होतं.

"आता?" मामा म्हणाले.

आता काय, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. "एसटीनं जाऊ शरणप्पाकडं. टेम्पोवाल्याच्या आधी पोहोचलो तर चाकं मिळतील. शरणप्पा ती इथं पोचवेल आणि ही घेऊन जाईल."

"देईल व्हय तो! पुन्हा बोटं दाबंल."

"मी येते बरोबर," संघप्रिया म्हणाली.

लग्न न ठरलेली मुलगी बघायला आलेल्या मुलाबरोबर, भर दुपारी, भरल्या गावातून एसटीला जाणार? तेही आधीच एकदा लग्न मोडलेली? भिमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. शेषेरावांनी कुंपणाकडं पाहिलं, तिथल्या एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. लोकांच्या बोलण्यानं तो माणूस वर्षभर खाली मान घालून चालला होता.

"ऊन लई हाय," शेवटी ते लेकीला म्हणाले. "स्कार्फ घे."

फाट्यावर एसटी लगेच मिळाली. मामांना बघून ड्रायव्हरनं आरोळी ठोकली, "ओ नानासाहेब!" आणि मामा क्षणात सगळं विसरून पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसले. संघप्रिया मधल्या बाकावर खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. प्रसेनजित वरचा दांडा धरून उभाच राहिला, काळ्या हातांनी. बसावं की नाही? दुसऱ्या बाकावर बसावं का? ते बरं दिसेल का?

"बसा की," ती म्हणाली.

तो बसला. गाडी हलली. बाहेर फाट्यावरची माणसं अजून त्यांच्याकडंच बघत होती. त्याला राहवेना. सकाळपासून त्याला काही कळलं नव्हतं, निदान एवढं तरी कळायला हवं होतं.

"म्हणजे मी घरी काय सांगू?" त्यानं विचारलं. "होय म्हणून सांगू, का अजून..."

संघप्रियानं खिडकीबाहेरच्या माणसांकडं सरळ, मान वर करून पाहिलं.

"माझ्या अख्ख्या गावानं मला तुमच्या शेजारी बसलेली बघितलंय," ती म्हणाली. "अजून काय सांगायचं राहिलं?"

प्रसेनजितचे डोळे भरून आले, आणि काळ्या हातांनी पुसावेत तर तोंड काळं होईल, म्हणून त्यानं ते तसेच ठेवले. तेवढ्यात कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन समोर उभा राहिला.

"कुठं?"

"दोन उमरगा," प्रसेनजित न अडखळता म्हणाला. पुढं बसलेल्या मामांची आठवण त्याला उमरगा आल्यावर झाली.